डॉ. भाऊ दाजी आणि राणीचा बाग

मुंबईत भायखळा येथे एक विस्तीर्ण व जुने उद्यान आहे. त्याचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे असले, तरी वडीलधारी मंडळी अजूनही त्याला राणीचा बाग असेच म्हणतात. पालघर, बोईसर, तारापूर या बाजूची मुले हा बाग पाहण्यासाठी निघाली, म्हणजे वैतरणा नदी आणि वसईची खाडी ओलांडून दादरला उतरतात व तेथे गाडी बदलून भायखळ्याला पोहोचतात. बागेत शिरताच त्यांचे पाय आपोआप प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे वळतात. वाघ, पाणघोडा आणि मूळचे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे पेंग्विन पक्षी पाहता पाहता दिवस कसा सरतो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

परंतु याच आवारात एक भव्य इमारत उभी आहे. तिच्यात जुन्या काळच्या कलाकुसरीच्या वस्तू, मातीच्या मूर्ती, नकाशे आणि चित्रे जतन करून ठेवलेली आहेत. तिच्या दाराशी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव वाचावयास मिळते. हे भाऊ दाजी कोण होते? ते राजे नव्हते, सेनापती नव्हते आणि जन्माने श्रीमंतही नव्हते. ते एक वैद्यकीय पदवीधर आणि विद्वान गृहस्थ होते. एका मोठ्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव का दिले गेले, हे समजून घ्यावयाचे असेल, तर त्यांचे चरित्र आणि या बागेची जन्मकथा या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहिल्या पाहिजेत.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण. त्यांचा जन्म १८२२ साली गोव्यातील मांद्रे या गावी झाला. वडिलांचे नाव विठ्ठल. परंतु लोक त्यांना दाजी म्हणत. घरी मुलाला भाऊ म्हणत असत. पुढे भाऊ दाजी हेच नाव सर्वतोमुखी झाले आणि रामकृष्ण विठ्ठल लाड हे नाव मागे पडले. घरची स्थिती गरिबीची होती. पोटापाण्यासाठी हे कुटुंब मुंबईस आले. मुंबई त्या वेळी झपाट्याने वाढत होती. निरनिराळ्या प्रांतांचे आणि धर्मांचे लोक तेथे उद्योगासाठी येत होते.

भाऊंची बुद्धी लहानपणापासूनच तीव्र होती. बुद्धिबळ खेळण्यात तर त्यांचा हात धरणारा क्वचितच कोणी भेटे. त्यांचे हे चातुर्य पाहून एका इंग्रज गृहस्थाला मोठे कौतुक वाटले व या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असे त्याने दाजींना सुचविले. दाजींनी ते मनावर घेतले. भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकू लागले. तेथे त्यांनी उत्तम अभ्यास केला आणि पुढे त्याच संस्थेत ते शिक्षक झाले. याच सुमारास काठेवाड व कच्छ या भागांत चालणाऱ्या बालहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी एक निबंध लिहिला. त्या भागांतील काही घराण्यांत मुलगी जन्मताच तिला मारून टाकीत असत. तरुण भाऊंनी या चालीची कारणे शोधली आणि तिचा निषेध केला. त्या निबंधाला पारितोषिक मिळाले.

शिक्षकाची प्रतिष्ठित नोकरी हाती असताना दुसरा एखादा मनुष्य तेथेच स्थिरावला असता. भाऊंचे मन मात्र नवीन ज्ञानाकडे धाव घेत होते. १८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पाश्चात्त्य वैद्यकाचे शास्त्रशुद्ध शिक्षण तेथे मिळणार होते. भाऊ नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले. त्या महाविद्यालयातून जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तीत भाऊ दाजी होते.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी मुंबईत आपला व्यवसाय सुरू केला. त्यांच्या हाताला गुण होता. थोड्याच वर्षांत मुंबईतील नामांकित डॉक्टरांत त्यांची गणना होऊ लागली. धनिकांकडून त्यांना पैसा भरपूर मिळे. परंतु गरिबांसाठी त्यांचे दार सदैव उघडे असे. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर होते. या दोघा बंधूंनी धर्मार्थ दवाखाना चालविला. तेथे येणाऱ्या गोरगरिबांना औषध फुकट मिळे.

भाऊंच्या वैद्यकाची आणखी एक विशेषता सांगितली पाहिजे. पाश्चात्त्य विद्या शिकल्यामुळे आपल्याकडील जुनी विद्या सर्वस्वी टाकाऊ आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. आणि जुने आहे म्हणून ते खरेच असले पाहिजे, असेही ते मानीत नसत. संस्कृत वैद्यकग्रंथ मिळवून ते वाचीत, त्यांत सांगितलेल्या वनस्पती शोधून काढीत आणि त्यांचा गुण प्रत्यक्ष प्रयोगाने पडताळून पाहत. त्या काळी कुष्ठरोगाचे नाव काढताच लोक भिऊन दूर पळत. रोग्याला घरातून आणि गावातून बाहेर घालवीत. अशा रोग्यांना भाऊंनी जवळ केले. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या कडूकवठाच्या जातीच्या झाडांच्या बियांपासून तेल निघते. त्या तेलाचे प्रयोग त्यांनी या रोगावर अनेक वर्षे केले. ते प्रयोग त्यांच्या हातून पूर्ण झाले नाहीत. तथापि त्यांची दिशा चुकीची नव्हती. विसाव्या शतकात अधिक गुणकारी औषधे निघेपर्यंत याच जातीच्या बियांचे तेल जगातील अनेक देशांत कुष्ठरोगावर वापरले जात होते.

ज्याला एकेका वनस्पतीची अशी पारख करावयाची असते, त्याला बागेचे मोल वेगळेच वाटते. वनस्पतिउद्यान हा केवळ शोभेचा ताटवा नव्हे. तेथे दूरदूरची झाडे एका ठिकाणी वाढवितात, त्यांची नावे व लक्षणे ठरवितात आणि परक्या देशातील कोणते झाड आपल्या मातीत रुजेल, हे पाहतात. डहाणू-घोलवडकडील चिकू आज आपल्याला अगदी घरचा वाटतो. परंतु तो मूळचा अमेरिका खंडातील आहे. अशी कितीतरी फळे, फुले आणि धान्ये एका देशातून दुसऱ्या देशात गेली आहेत. ती आपल्याकडे कशी वाढतात, हे पाहण्यासाठी बागांची गरज असते. मुंबईतील शेती व बागायतीच्या संस्थेने शिवडी येथे असे एक उद्यान केले होते. परंतु पुढे ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली आणि बागेसाठी नवी जागा पाहणे भाग पडले.

वस्तुसंग्रहालयावर तर याहून मोठे संकट आले होते. १८५१ साली लंडन येथे जगातील निरनिराळ्या देशांच्या वस्तूंचे एक प्रचंड प्रदर्शन भरले होते. त्यानंतर १८५५ साली पॅरिस येथे तसेच प्रदर्शन भरले. या प्रदर्शनांच्या निमित्ताने आपल्या देशातील कारागिरांनी बनविलेल्या वस्तू, धान्ये, लाकडे, खनिजे इत्यादींचे नमुने गोळा करण्यात आले होते. त्यांतूनच मुंबईच्या किल्ल्यातील एका सरकारी बराकीत एक लहानसे संग्रहालय उभे राहिले. इतक्यात १८५७ चा उठाव झाला. सैनिकांसाठी सरकारला बराकीची जागा तातडीने हवी झाली. संग्रहालयातील वस्तू घाईघाईने बाहेर काढण्यात आल्या. त्या धांदलीत कितीतरी वस्तूंची नासधूस झाली. हस्तकौशल्याने घडविलेल्या ज्या वस्तू जगाला दाखविण्यासाठी जमविल्या होत्या, त्यांना आपल्याच शहरात जागा उरली नाही.

तो काळ कठीण होता. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यात संशयाचे वातावरण होते. नाना शंकरशेट यांच्यासारख्या सर्वमान्य पुढाऱ्याकडेही सरकारने काही काळ संशयाने पाहिले. परंतु चौकशीत तो संशय निराधार ठरला. अशा वेळी आपण बरे आणि आपले घर बरे, असे म्हणून कोणी स्वस्थ बसले असते, तर त्यात नवल नव्हते. परंतु मुंबईतील काही नागरिकांनी याच वेळी एक मोठे काम हाती घेतले. १८५८ साली त्यांनी सभा भरवून असे ठरविले, की शहरात एक उत्तम वस्तुसंग्रहालय आणि त्याच्या सभोवती एक विशाल उद्यान लोकांच्या वर्गणीतून उभे करावे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव त्याला देण्याचे ठरले. राणीचा बाग हे नाव पडले ते यामुळेच. नाना शंकरशेट हे या कार्यात अग्रभागी होते. बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले उदार व्यापारी डेव्हिड ससून यांनी साहाय्य केले. संग्रहालयाची व्यवस्था पाहणारे इंग्रज डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांनीही अतिशय परिश्रम घेतले. आणि समितीच्या चिटणीसपदाची जबाबदारी डॉ. भाऊ दाजी यांनी पत्करली.

चिटणीसाचे काम दिसावयास साधे असते; परंतु सारा भार त्याच्यावरच पडतो. सभा बोलवावयाच्या, पत्रे लिहावयाची, हिशेब ठेवावयाचा आणि वर्गणीसाठी लोकांची मने वळवावयाची, हे सर्व त्यात येते. भाऊ दिवसभर रोग्यांना तपासीत. त्यातून वेळ काढून ते सार्वजनिक कामे करीत. हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती अशा सर्व समाजांतील लोकांनी या कार्यासाठी पैसा दिला. लोकांच्या वर्गणीची रक्कम एक लाख रुपयांहून अधिक झाली. त्या काळच्या मानाने ती फारच मोठी होती.

मग जागा निवडण्यात आली. माझगाव आणि भायखळा हा प्रदेश त्या वेळी शहराच्या गजबजाटाबाहेर होता. तेथे आमराया होत्या, ताडामाडांची बने होती आणि त्यांच्यामध्ये श्रीमंत लोकांचे प्रशस्त बंगले होते. अशा बंगल्याभोवती झाडी असे. पण ती धन्यासाठी आणि त्याच्या पाहुण्यांसाठी. बाकीच्यांना कुंपणाच्या बाहेरूनच ती पाहावी लागे. त्या भागात माउंट इस्टेट नावाची एक मोठी मिळकत होती. तिच्यातील सुमारे ३३ एकर जमीन उद्यानासाठी मिळाली. १८६१ साली तेथे आखणीला आरंभ झाला. रस्ते आखण्यात आले, वाफे तयार झाले, दूरदूरची रोपे आणून लावण्यात आली. १९ नोव्हेंबर १८६२ या दिवशी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते उद्यान लोकांसाठी खुले झाले आणि त्याच दिवशी संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला गव्हर्नरांनी बसविली. काल जेथे एका मिळकतीचे कुंपण होते, तेथे आता कोणीही नागरिक मुलाबाळांसह फिरावयास येऊ शकत होता.

अशी घटना जगात इतरत्रही घडत होती. पूर्वी युरोपात विस्तीर्ण वने आणि बागा राजांच्या व सरदारांच्या मालकीच्या असत. तेथे ते शिकार करीत, घोडे फिरवीत. पुढे काळ पालटला. जर्मनीतील म्यूनिक शहरी तेथील अधिपतीच्या शिकारीच्या रानात १७८९ साली सर्व लोकांसाठी एक उद्यान करण्यास आरंभ झाला. आजही ते त्या शहराचे भूषण आहे. लंडनमधील हाइड पार्क हेही एके काळी राजाचे शिकारीचे रान होते. सरदारांच्या जुन्या इस्टेटींवर झालेली अशी सार्वजनिक उद्याने जर्मनीत इतरत्रही दिसतात. गर्दीच्या शहरात राहणाऱ्या कामकरी माणसालाही मोकळी हवा, सावली आणि हिरवळ मिळाली पाहिजे, ही जाणीव हळूहळू सर्वत्र पसरली. मुंबईच्या नागरिकांनी ती जाणीव आपल्या शहरात प्रत्यक्षात आणली.

परंतु बाग झाला, तरी संग्रहालय पुरे व्हावयाचे होते. इतक्यात एक वेगळेच संकट आले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. त्यामुळे अमेरिकेतून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद पडला. साहजिकच आपल्याकडील कापसाला अतोनात भाव आला व मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या नव्या बँका आणि कंपन्या निघाल्या. त्यांच्या शेअरांचे भाव रोज चढू लागले. व्यापारी, वकील, डॉक्टर, कारकून असे सर्व प्रकारचे लोक शेअरांच्या मागे लागले. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचा भाव एकाएकी कोसळला. त्याबरोबर कंपन्या बुडाल्या, बँका बंद पडल्या. काल जे लक्षाधीश होते, ते आज कर्जबाजारी झाले. या आपत्तीत भाऊ दाजींचीही फार मोठी हानी झाली. वर्षानुवर्षे कष्टाने मिळविलेली संपत्ती पाहता पाहता नाहीशी झाली.

याच वर्षी नाना शंकरशेट यांचे निधन झाले. आदल्या वर्षी डेव्हिड ससून वारले होते. वर्गणीचा ओघ आटला आणि इमारतीचे काम रखडले. लोकांनी हौसेने आरंभिलेले कार्य अर्धवटच राहते की काय, अशी वेळ आली. शेवटी सरकारने पुढे होऊन उरलेला खर्च सोसला व इमारत पुरी केली. २ मे १८७२ या दिवशी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट वस्तुसंग्रहालय लोकांसाठी उघडले. सभा भरून संकल्प केल्याला तेव्हा तेरा वर्षे होऊन गेली होती. उद्यानाच्या प्रवेशापाशी ससून यांच्या देणगीतून उभारलेला घड्याळाचा मनोराही दिमाखाने उभा होता.

संपत्ती गेली म्हणून भाऊ खचून गेले नाहीत. त्यांनी आपला व्यवसाय आणि आपला विद्याव्यासंग चालूच ठेवला. प्राचीन भारताचा इतिहास हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता. त्या काळी आपल्या देशाच्या प्राचीन इतिहासाची फारच थोडी माहिती उपलब्ध होती. डोंगरांतील लेण्यांवर आणि शिळांवर कोरलेली अक्षरे सर्वांना दिसत. परंतु ती वाचणारे विरळा. भाऊंनी अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख वाचले. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवरील लेखांचा अभ्यास केला. जुनी नाणी, ताम्रपट आणि हस्तलिखिते त्यांनी जमविली. त्यांवरून राजांचा काळ, कवींचा काळ, जुन्या अंकांचे स्वरूप अशा विषयांवर त्यांनी विद्वत्तापूर्ण निबंध लिहिले. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत ते निबंध वाचले जात आणि युरोपातील पंडितही त्यांचा आदर करीत.

या कामी भाऊंना एका तरुण विद्वानाचे साहाय्य लाभले. जुनागढ येथील भगवानलाल इंद्रजी यांना जुन्या लिपी वाचण्याचा छंद होता. १८६१ साली भाऊंनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले. भाऊंना रोग्यांना सोडून दूर जाता येत नसे. म्हणून त्यांनी भगवानलाल यांना प्रवासाचा खर्च देऊन देशभर पाठविले. भगवानलाल डोंगरदऱ्या तुडवीत, लेण्यांत राहत, लेखांचे बिनचूक ठसे घेत आणि भाऊंकडे आणीत. मग गुरुशिष्य एकत्र बसून त्यांचा अर्थ लावीत. पुढे हेच भगवानलाल इंद्रजी मोठे संशोधक म्हणून जगभर प्रसिद्धी पावले. पालघर जिल्ह्यातील नालासोपाऱ्याजवळ १८८२ साली त्यांनी एका टेकाडाचे उत्खनन केले. त्या टेकाडात विटांचा बौद्ध स्तूप निघाला आणि स्तूपाच्या पोटात एक करंडक सापडला. त्यातून बुद्धाच्या लहान मूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे बाहेर आले. सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यास मिळाला. शूर्पारक हे प्राचीन काळी केवढे मोठे बंदर होते, याचा पुरावा त्यामुळे जगापुढे आला. भाऊ दाजी त्या वेळी हयात नव्हते. परंतु त्यांनी लावलेल्या रोपाला आलेले हे फळ होते.

भाऊंचे लोककार्य येथेच संपत नाही. १८५२ साली लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिच्या चिटणीसांत भाऊ दाजी होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, तेव्हा त्याच्या पहिल्या सदस्यांत त्यांची निवड झाली. मुलींनी शिकावे, हा विचारच त्या काळी अनेकांना रुचत नसे. भाऊंनी मुलींच्या शाळांना मनःपूर्वक साहाय्य केले. जन्मलेल्या मुलीला जगू द्या, असे ज्यांनी तरुणपणी लिहिले, त्यांनी पुढे मुलींना शिकू द्या, यासाठी झटावे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. १८६९ आणि १८७१ अशा दोन वेळा मुंबईचे नगरपाल होण्याचा मान त्यांना मिळाला.

अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. शेवटी त्यांना पक्षाघाताचा विकार जडला आणि मे १८७४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५१ वर्षांचे होते. संग्रहालय उघडून जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यांचे निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८८८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

भाऊ गेले; पण बाग वाढत राहिला. १८९० साली त्याला आणखी जमीन जोडण्यात आली व तेथे प्राणिसंग्रहालय आले. घारापुरीचा प्रचंड दगडी हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत भंगला होता. त्याचे तुकडे या उद्यानात आणून सांधण्यात आले आणि तो हत्ती आजही संग्रहालयाजवळ उभा आहे. आफ्रिकेची गोरखचिंच, ब्रह्मदेशातील उर्वशी, तोफेच्या गोळ्यांसारखी फळे धरणारा कैलासपती असे नाना देशांचे वृक्ष येथे एकमेकांच्या सोबतीने वाढले आहेत. देश स्वतंत्र झाल्यावर उद्यानाला वीरमाता जिजाबाईंचे नाव देण्यात आले. आणि १९७५ साली संग्रहालयाला ज्यांनी ते उभे राहावे म्हणून जिवापाड खटपट केली, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. काळाच्या ओघात जीर्ण झालेल्या त्या वास्तूची पुढे काळजीपूर्वक दुरुस्ती करण्यात आली व २००८ साली ती नव्या तेजाने पुन्हा लोकांसाठी खुली झाली.

भाऊ दाजींच्या चरित्राकडे पाहिले, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांनी स्वतःसाठी जो पैसा साठविला, तो एका वर्षात नाहीसा झाला. शेअरांचे ते कागद आज कोणाला आठवतही नाहीत. परंतु त्यांनी लोकांसाठी जे केले, त्यातले बहुतेक सारे टिकून राहिले. बाग टिकला, संग्रहालय टिकले, त्यांनी वाचलेले शिलालेख इतिहासात नोंदले गेले आणि त्यांनी हाताशी धरलेल्या शिष्याने त्यांचे काम पुढे नेले. विद्या असो, औषध असो, की झाडांची सावली असो. कुंपणात कोंडून ठेवलेली वस्तू मालकाबरोबर लयाला जाते आणि सर्वांसाठी खुली केलेली वस्तू पिढ्यान्‌पिढ्या पुरते. आपल्या गावातील वाचनालय, शाळेचे मैदान, तळ्याकाठचा वड, किनाऱ्यावरील सुरूचे बन ही सर्व आपल्या सर्वांची संपत्ती आहे. ती कोणीतरी आपल्यासाठी राखली. ती पुढच्या मुलांसाठी राखणे हे आपले कर्तव्य होय.